चकलांब्याचा दुभाष्या

पदवीच्या वर्गाला भाषांतरमीमांसा शिकविताना आम्ही फळ्यावर तीन शब्द लिहितो : भाषांतर, अनुवाद आणि रूपांतर. मग नेहमीची उदाहरणे येतात. आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३) हॅम्लेटला मराठी बोलावयास लावते. देवलांच्या ‘झुंझारराव’मध्ये (१८९०) ऑथेल्लो नुसता मराठी बोलत नाही, तो मराठी होऊनच रंगभूमीवर येतो. विद्यार्थी हे वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जसेच्या तसे लिहितात आणि आम्ही गुण देतो. या तीन शब्दांत न मावणारा एक चौथा प्रकारही असतो, हे आम्हांला कोणत्या समीक्षाग्रंथाने सांगितले नाही. तो आम्हांला भेटला चकलांब्यात, एका जुन्या संगणकावर, पुतण्याच्या शेजारी बसून व्हिडिओ गेम सुरू होण्याची वाट पाहताना.

साहित्यचर्चेच्या पंगतीत व्हिडिओ गेमचे पान वाढलेले पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडोत. सारीपाटावर महाकाव्य उभे राहू शकते, तर खेळाला साहित्याच्या उंबऱ्याबाहेर उभे करण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

चकलांबा हे बीड जिल्ह्यातील गेवराई तालुक्यातले आमचे गाव. पाऊस झाला तर कापूस, विहिरीला पाणी असले तर थोडा ऊस, आणि दोन्ही नसले तर दुसऱ्याचा ऊस तोडावयास परमुलूख, असा इकडचा शिरस्ता. दसरा-दिवाळी उलटली की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. आमचे धाकटे बंधू अशाच एका टोळीच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. मागे दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, संसारावर भावजय. चार-पाच महिने कारखान्याच्या आसपासच्या माळावर कोपी करून राहायचे. मुलगा अकरावीत असल्याने तो गावीच, आमच्या मातोश्रींजवळ राहतो. आम्ही बाहेरगावी महाविद्यालयात मराठी शिकवितो आणि पंधरा दिवसांतून एकदा गावी जातो. त्यामुळे हंगामाच्या काळात त्या घरात एक म्हातारी, एक पोर आणि एक संगणक अशी तीनच माणसे असतात असे म्हटले तरी चालेल.

संगणक आम्हीच घेऊन दिला होता. ‘अभ्यासासाठी’ हे त्याचे अधिकृत प्रयोजन. असे प्रयोजन प्रत्येक घरातील प्रत्येक संगणकाला असते. पुण्यातील कोणा कचेरीतून निवृत्त झालेली ती पेटी, आत इंटेलचा चौथ्या पिढीतला प्रोसेसर आणि आठ जीबी रॅम. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपणार हे मायक्रोसॉफ्टने आधीच जाहीर केले होते, आणि विंडोज ११ च्या अटींत एवढा जुना प्रोसेसर बसत नव्हता. म्हणजे चांगला धडधाकट संगणक केवळ वयोमर्यादेमुळे घरी बसणार. पुतण्याने त्याआधीच एका रात्री पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट घातले आणि सकाळी आम्हांला दूरध्वनी करून कळविले. परवानगी मागितली नाही, फक्त कळविले. आम्हांला ते आवडले.

पुढचा प्रश्न चित्रांचा. कचेरीतल्या पेटीला खेळ कोणी खेळेल अशी अपेक्षाच नसते, त्यामुळे ग्राफिक्स कार्डाला वेगळी वीज देणारी केबल तिच्यात नसते. मदरबोर्डच्या खाचेतून जेवढी मिळेल, म्हणजे जास्तीत जास्त ७५ वॅट, तेवढ्यावर भागवणारे कार्ड हवे. शोधाशोधीअंती एएमडीचे जुने आरएक्स ५५० मिळाले. ते बसविले आणि संगणक चालू केला. कोणतीही तबकडी नाही, कसलीही स्थापना नाही. त्या कार्डाशी बोलण्याची विद्या लिनक्सच्या गाभ्यातच, म्हणजे कर्नेलमध्ये, आधीपासून होती. एनव्हिडियाच्या कार्डांचा इतिहास निराळा आहे. २०१२ साली फिनलंडमधील एका व्याख्यानात लिनस तोरवाल्ड्स यांनी त्या कंपनीला उद्देशून मधले बोट दाखविले होते, आणि ते चित्र जगभर फिरले. कर्नेलशी बोलणाऱ्या आपल्या भागाची संहिता त्या कंपनीने २०२२ साली खुली केली. दहा वर्षे लागली. मराठीत याहून सभ्य वाद याहून अधिक वर्षे चाललेले आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे. लिनक्सवर खेळ खेळण्याची अडचण अशी की बहुतेक खेळ लिनक्ससाठी लिहिलेलेच नसतात. ते विंडोजच्या भाषेत लिहिलेले असतात. मग काय करायचे? पहिला मार्ग रूपांतराचा. अमेरिकेत १९९८ साली लोकी सॉफ्टवेअर नावाची एक छोटी कंपनी निघाली. दुसऱ्यांचे गाजलेले खेळ रीतसर परवाना घेऊन लिनक्ससाठी पुन्हा घडवायचे, हा तिचा धंदा. १९९९ साली तिने ‘सिव्हिलायझेशन : कॉल टू पॉवर’ आणला, पुढे आणखीही खेळ आणले. हे देवलांचे काम होते. एकेक संहिता घ्यायची, नव्या भूमीत रुजवायची, पदोपदी निर्णय घ्यायचे. पण नाटक कंपनीचे जे होते तेच झाले. प्रेक्षक रसिक होते, संख्येने थोडे होते, आणि तिकीट काढण्याची त्यांना फारशी सवय नव्हती. २००२ च्या जानेवारीत लोकीचा पडदा पडला. तिथल्या सॅम लँटिंगा यांनी रूपांतराच्या सोयीसाठी रचलेले एसडीएल हे साधन मात्र टिकले. आज ते असंख्य खेळांच्या पोटात असते आणि आपल्या या कथेत पुढे एकदा येणार आहे.

दुसरा मार्ग लेखकानेच मूळ संहिता जगाच्या हाती देण्याचा. ‘डूम’ची संहिता १९९७ च्या डिसेंबरात खुली झाली आणि तेव्हापासून तिचे इतके पाठभेद निघाले आहेत की ज्ञानेश्वरीच्या अभ्यासकालाही तिथे करमेल. पण असे लेखक विरळा.

तिसरा मार्ग दुभाष्याचा, आणि खरे बोलायचे आहे ते त्याच्याविषयीच.

वाइन हा प्रकल्प १९९३ साली सुरू झाला. हे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे आहे आणि ‘वाइन म्हणजे नक्कल करणारा यंत्राभास नव्हे’ असा काहीसा त्याचा अर्थ आहे. नावातच नकार असलेला हा प्राणी काय करतो? विंडोजसाठी लिहिलेला खेळ चालताना आपल्या प्रणालीकडे सतत मागण्या करीत असतो : ही फाइल उघड, हा आवाज वाजव, हा त्रिकोण या रंगाने भर. वाइन त्या मागण्या ऐकतो, लिनक्सला कळेल अशा रीतीने पुऱ्या करवून घेतो आणि उत्तर पुन्हा विंडोजच्या बोलीत देतो. खेळाला पत्ता लागत नाही. खेळाच्या संहितेतला काना-मात्राही बदललेला नसतो. भाषांतर होते ते संहितेभोवतीच्या जगाचे.

हा तो चौथा प्रकार. आगरकर-देवलांपुढे हॅम्लेट-ऑथेल्लोला मराठीत आणण्याचा प्रश्न होता. इथे हॅम्लेट इंग्रजीतच बोलत राहतो, आणि त्याच्याभोवती सगळे एल्सिनोर इतक्या बेमालूमपणे उभे केले जाते की आपण बीड जिल्ह्यात आहोत ही शंका त्याला शिवत नाही. पुतण्याने एकदा आम्हांला ते नेपथ्य मागच्या बाजूने दाखविले. लिनक्समध्ये ‘सी ड्राइव्ह’ नावाची वस्तूच नसते; पण खेळाला ती हवी असते, म्हणून वाइन एक साधा फोल्डर करून त्याला तसे नाव देतो. आत ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ ही दालनेही असतात. विंडोजची ती सुप्रसिद्ध रजिस्ट्री म्हणजे दोन-तीन मजकुराच्या फाइली, कोणत्याही संपादकात उघडून वाचता येतील अशा. आम्हांला मयसभा आठवली. जमिनीच्या जागी पाणी, पाण्याच्या जागी जमीन. महाभारतातही ती सभा उभी राहिल्यानंतरच द्यूताचा डाव मांडला जातो, हे ध्यानी घेण्याजोगे आहे.

या दुभाष्याची सगळ्यांत अवघड परीक्षा कोणती, तर मूळ प्रणालीच्या चुका. विंडोजमध्ये वर्षानुवर्षे काही दोष राहून गेले आणि खेळ लिहिणाऱ्यांनी नकळत त्या दोषांवरच आपली इमारत रचली. मग वाइनला ते दोषही जसेच्या तसे वठवावे लागतात; शुद्ध वागला तर खेळ कोसळतो. शुद्धलेखनाच्या नियमांवर हयात घालविलेल्या आमच्यासारख्याला हे पचवणे जड गेले. पण ग्रामीण कादंबरीचा भाषांतरकार याच कात्रीत सापडतो. पात्राचे अशुद्ध बोलणे शुद्ध करून त्याने दुसऱ्या भाषेत नेले तर पात्रच मरते.

बरीच वर्षे हा दुभाष्या अडखळत बोलत असे, विशेषतः त्रिमित चित्रांच्या बाबतीत. २०१८ च्या सुमारास चित्र पालटले. ‘निअर : ऑटोमाटा’ हा खेळ आपल्याला लिनक्सवर खेळता यावा एवढ्या एका इच्छेपोटी एका जर्मन तरुणाने डीएक्सव्हीके नावाचा नवा स्तर लिहावयास घेतला. विंडोजचे चित्रव्याकरण डायरेक्ट-थ्रीडी, आणि २०१६ साली आलेले नवे, सर्वांना खुले असलेले व्याकरण व्हल्कन; यांच्यामधला हा कोश. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने हे, वाइन आणि इतर तुकडे एकत्र बांधून २०१८ च्या ऑगस्टमध्ये प्रोटॉन या नावाने आपल्या स्टीम या दुकानात ठेवले. लिनक्सवाले स्वतः शिजवून खात होते, त्यांना ताट वाढून मिळाले. त्याच कंपनीचे स्टीम डेक हे हातात धरून खेळण्याचे यंत्र २०२२ च्या फेब्रुवारीत आले तेही लिनक्सवर चालणारे. स्टीमच्या मासिक पाहणीत लिनक्सचा वाटा २०२५ च्या ऑक्टोबरात प्रथमच तीन टक्क्यांवर गेला. शंभरांत तीन. मराठी विभागाच्या पटसंख्येशी झुंजणाऱ्यांना हा आकडा लहान वाटणार नाही.

प्रोटॉनमधून एखादा खेळ पहिल्यांदा सुरू होतो तेव्हा तो मधूनमधून क्षणभर थबकतो. रस्त्याचे वळण आले, धूर निघाला, पाण्यावर ऊन पडले की चित्र अडते आणि पुन्हा धावते. पुतण्याने कारण सांगितले : प्रकाशाचा तो प्रकार, त्यांच्या भाषेत शेडर, समोर आला की त्याचे रूपांतर त्याच क्षणी करावे लागते, एकदा केले की साठवून ठेवतात आणि दुसऱ्या खेपेस अडत नाही. न ऐकलेला शब्द आला की दुभाष्या क्षणभर छताकडे पाहतो, तसेच हे. संहितेच्या कोणत्या ठिकाणी भाषांतरकार थांबला, हे छापील पुस्तकात कधी दिसत नाही. इथे ते पडद्यावर दिसते, आणि त्या थांबण्याचे आम्हांला मोठे अप्रूप वाटले. पुतण्याला अर्थातच वैताग येत होता.

खेळ गावी यायचा तोही सुखासुखी येत नाही. पुतण्याला हवा होता ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’, झेक प्रजासत्ताकातील एससीएस या कंपनीने २०१२ साली काढलेला. हा लिनक्ससाठी वेगळा बनविलेला मिळतो. दोन्ही भाषांत स्वतःच लिहिणाऱ्या कोलटकरांसारखे समजा, दुभाष्याची गरज नाही. पण आकार पंचवीसेक जीबी, आणि भ्रमणध्वनीच्या पॅकमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी. त्यातून वीज जाते. पंधरवडाभर खेळ हप्त्याहप्त्याने उतरत राहिला. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या वाचकांना १८९० पासून अशाच साप्ताहिक हप्त्यांनी मिळत, आणि त्या साप्ताहिकाचे नाव ‘करमणूक’ होते. हे आम्ही पुतण्याला सांगितले. त्याने “हं” म्हटले.

या खेळात मारामारी नाही. मोठा ट्रक घ्यायचा, माल भरायचा, एका देशातून दुसऱ्या देशात पोहोचवायचा. वेगमर्यादा पाळायची, डिझेल भरायचे, झोप आली तर थांबायचे, शेवटी ट्रेलर नेमक्या चौकटीत मागे घेऊन लावायचा. आमच्या एका सहकाऱ्याने विचारले, “यात गंमत काय?” आम्ही उत्तर दिले नाही. ज्या घरातून दसऱ्यानंतर ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन निघतो आणि चैत्रात परततो, त्या घरातल्या मुलाने रात्री हा खेळ का लावावा, याची चर्चा करण्याइतके आम्ही अजून समीक्षक झालेलो नाही.

कीबोर्डाच्या कळांवर ट्रक चालत नाही. चालतो, पण शिडशिडीत मोटारीसारखा हिसके देत. म्हणून आधी एक स्वस्त गेमपॅड आला. संगणकाने तो ओळखला खरा, परंतु बटणांची अदलाबदल करून : ब्रेकच्या जागी हॉर्न, हॉर्नच्या जागी ब्रेक. इथे आमचे जुने एसडीएल पुन्हा भेटले. जगातल्या नाना तऱ्हेच्या पॅडांची एक यादी लोकांनी मिळून ठेवली आहे. प्रत्येक पॅडाची एक ओळ, त्या ओळीत त्याची खूण, नाव आणि ‘अमुक कळ म्हणजे तमुक क्रमांकाचे बटण’ अशी समीकरणे. पुतण्याने आपल्या पॅडाची ओळ स्वतः रचली. एकेक बटण दाबून पाहायचे आणि लिहायचे. शब्दकोशाला एक नोंद देणे म्हणजे याहून वेगळे काय असते? आमच्या पाहण्यातील बहुतेक पदवीधरांनी तेवढेही केलेले नाही.

मग चाक, म्हणजे स्टेअरिंग. पहिले चाक ज्या कंपनीचे आणले तिचे नाव इथे नको. लिनक्सवर ते मुकेच राहिले. पुतण्या दोन रात्री शोधत होता. मातोश्री बाजूला वाती वळत बसल्या होत्या. तो दूरध्वनीवर आम्हांला सांगत होता, “नाना, ह्याचा ड्रायव्हरच सापडंना.” मागून मातोश्रींचा आवाज आला, “ड्रायव्हर कारखान्यावर गेलाय बाबा तुझा. आता उन्हाळ्यात यील.”

आम्ही हसलो. पुतण्या हसला नाही. ते चाक परत गेले.

दुसरे चाक छत्रपती संभाजीनगरात एकाकडून जुने मिळाले : लॉजिटेकचे ड्रायव्हिंग फोर्स जीटी, २००७ च्या सुमाराचे. या चाकाची गंमत सांगण्यासारखी आहे. ते संगणकाला जोडले की प्रथम आपली खरी ओळख देत नाही. जुन्या खेळांशी जमवून घेता यावे म्हणून ते स्वतःला आपल्याहून साधे चाक म्हणवते, आणि तेवढ्यापुरते फक्त २०० अंश फिरते. लिनक्सच्या कर्नेलमधला छोटा ड्रायव्हर त्याला ओळखतो, एक गुप्त आज्ञा पाठवतो, चाक क्षणभर अंतर्धान पावते आणि आपल्या खऱ्या नावाने परत येते. आता ते ९०० अंश, म्हणजे अडीच फेरे, फिरते, आणि रस्त्याचा खडबडीतपणा हाताला जाणवेल असा विरोधही करते. हा ड्रायव्हर कंपनीने लिहिलेला नाही, हौशी मंडळींनी चाकाचे बोलणे ऐकून ऐकून लिहिला आहे. अलीकडे काही कंपन्या स्वतः पुढे आल्या आहेत. सोनीने आपल्या प्लेस्टेशनच्या पॅडासाठी कर्नेलमध्ये २०२१ साली अधिकृत ड्रायव्हर दिला. पण चकलांब्यात ज्या जुन्या वस्तू पोहोचतात त्यांना बहुधा हौशी मंडळींचाच आधार असतो.

हंगाम संपून बंधू परतले तेव्हा आमचीही उन्हाळ्याची सुटी लागलेली होती. मे महिन्यातली रात्र, वीज होती. पुतण्या खेळात जोड-ट्रेलर घेऊन उत्तरेतल्या कुठल्याशा देशात शिरला होता. तिथे एका ट्रकमागे दोन ट्रेलर लावू देतात. माल पोहोचला होता. आता दोन्ही ट्रेलर मागे घेऊन लावायचे होते. तो घेत होता आणि दोन्ही ट्रेलर विळ्यासारखे मुडपत होते. एकदा, दोनदा, सातदा. बंधू दारात बिडी विझवून उभे होते. संगणकाला त्यांनी तोवर हात लावलेला नव्हता. ते म्हणाले, “अरं, दोन ट्रॉल्या मागं घेत नसतेत. मागली सोडावं लागती.”

“गेममधी घेतेत की, पप्पा.”

“गेममधी घेत असतेन. आम्ही सोडतो. मागली सोडायची, म्होरली लावायची, मग मागली हातानं ढकलायची. चार गडी लागतेत.”

मग ते खुर्चीवर बसले. पुतण्याने दुसरा साधा ट्रेलर घेऊन दिला. बंधूंनी प्रथम चाक डावीकडे टोकापर्यंत फिरवून पाहिले, मग उजवीकडे, आणि फेरे मोजले. “दोन-अडीच. आपल्यापेक्षा कमीच हायेत.” दोन वेळा चुकले, कारण ट्रॉलीचा पुढचा आस फिरता असतो आणि या ट्रेलरला तो नाही, हे त्यांनीच शोधून आम्हांला समजावून सांगितले. तिसऱ्या खेपेस ट्रेलर चौकटीत गेला. ते करताना त्यांची मान सवयीने मागे वळत होती आणि मागे आमच्या घराची भिंत होती. पुतण्या पडद्याकडे पाहत नव्हता. बापाच्या हातांकडे पाहत होता. त्या दोघांना एका वस्तूविषयी इतका वेळ बोलताना आम्ही त्याआधी पाहिले नव्हते.

गावातील बाकीची पोरे भ्रमणध्वनीवर खेळतात. पबजीवर २०२० च्या सप्टेंबरात बंदी आली, २०२१ साली तो बीजीएमआय होऊन परतला, २०२२ साली पुन्हा गेला, २०२३ साली पुन्हा आला. या येण्याजाण्याची बित्तंबातमी पारावर असे. त्या पोरांना ठाऊक नाही, पण अँड्रॉइडच्या गाभ्यात लिनक्सचेच कर्नेल आहे. म्हणजे लिनक्सवर खेळ चालत नाहीत अशी जी तक्रार ऐकू येते, ती ऐकताना आख्खा पार लिनक्सवर खेळत बसलेला असतो. फरक इतकाच की त्या यंत्राची किल्ली पोरांकडे नसते. पुतण्याच्या पेटीत तो हवे ते उघडून पाहतो. त्यांच्या खिशातल्या पेटीत उघडता येईल असे त्यांच्यासाठी काही ठेवलेले नाही.

मित्रांसोबत खेळायचे तर मित्र जिथे आहेत तिथे जावे लागते, आणि इथे आमचा दुभाष्या हरतो. अनेकांनी मिळून खेळायच्या काही खेळांबरोबर पहारेकरी येतो. कोणी लबाडी करीत नाही ना, हे पाहण्यासाठी तो प्रणालीच्या थेट गाभ्यात बसतो. ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी तर संगणक सुरू होतानाच जागा होतो आणि लिनक्सला दारात उभे करीत नाही. ‘एपेक्स लेजंड्स’ काही काळ लिनक्सवर चालत असे. २०२४ च्या अखेरीस तेही दार बंद झाले. लबाडांना रोखणे कठीण जाते, असे कारण दिले गेले. कारण अगदीच खोटे नाही. लिनक्सचा गाभा ज्याला त्याला बदलता येतो, मग पहारेकऱ्याने विश्वास कोणावर ठेवावा? पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला तेव्हा खऱ्याखोट्याची खूण पटवताना मोठमोठ्यांची त्रेधा उडाली होती. पण तोतया आणि दुभाष्या यांच्यात भेद आहे. एक दुसऱ्याचे नाव घेऊन त्याच्या गादीवर बसू पाहतो. दुसरा दोघांच्या मध्ये उभा राहतो आणि त्याला गादी नकोच असते. पहारेकऱ्याला हा भेद करता येत नाही, किंवा करण्यात त्याला फायदा नाही.

गेवराईतले पुतण्याचे चार मित्र अशाच जातीचा एक खेळ खेळतात. त्याने आम्हांला विचारले, “नाना, एका कोपऱ्यात विंडोज ठेवू का, तेवढ्यापुरतं?” आम्ही म्हणालो, यंत्र तुझे आहे. त्याने जुने विंडोज १० एका वेगळ्या डिस्कवर ठेवले, आठवडाभर मित्रांबरोबर खेळला. त्यानंतर ती डिस्क आम्ही टेबलाच्या खणात पाहिली, काढून ठेवलेली. का, ते आम्ही विचारले नाही. रविवारी तो गेवराईला जातो आणि मित्राच्या संगणकावर खेळून येतो, एवढे मातोश्रींकडून कळले. लिनक्स हे मुक्तीचे तत्त्वज्ञान आहे वगैरे व्याख्याने आमच्याजवळ तयार होती. ती तशीच राहिली, कारण सतरा वर्षांच्या मुलाला चार मित्रही लागतात, आणि त्या तत्त्वज्ञानात याची तरतूद आम्हांला सापडली नाही.

यंदाचा हंगाम सुरू झाला आहे. मागल्या खेपेस आम्ही गावी होतो तेव्हा रात्री अकराच्या सुमारास बंधूंचा फोन आला. ट्रॅक्टर कारखान्याच्या गव्हाणीपुढे नंबरात उभा होता. पुढे पन्नासेक गाड्या, सकाळपर्यंत हलणार नाहीत. मातोश्रींशी बोलून झाले, आमच्याशी थंडीविषयी झाले. मग त्यांनी पुतण्याला मागितले. पुतण्याने फोन खांद्याशी धरला, हात चाकावरच होते.

“मागं घेता येतंय का आता?” पलीकडून आलेला प्रश्न आम्हांलाही ऐकू आला.

“एक येती,” तो म्हणाला. “दोन अजून नाही.”